मागाच्या गावची मोटार

कार्तिक सरत आला की पांढुर्णा-सौंसरच्या बाजूला आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात आणि सारा मुलूख केशरी दिसू लागतो. त्याच सुमारास तिकडच्या मुलांच्या संगीत-परीक्षा असतात. परीक्षक म्हणून वर्षातून एकदा मला तिकडे जावे लागते. इंदुराहून बैतूल, मुलताई करीत पांढुर्णा गाठायचे, तिथे दोन दिवस काढायचे आणि मग एक दिवस सौंसरला, असा हा माझा ठरलेला क्रम. राज्य मध्य प्रदेशचे. पूर्वी ही दोन्ही गावे छिंदवाडा जिल्ह्यात होती, २०२३ साली पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. पण घराघरांतली बोली मराठीच, आणि तीही नागपुरी वळणाची, वाक्यागणिक ‘जी’ लावणारी. पांढुर्णा म्हटले की बाहेरच्या माणसाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत होणारी गोटमार तेवढी आठवते. मला मात्र आता तिथला एक मिस्त्री आठवेल.

त्याचे असे झाले. आमच्याकडे १९९५ सालची एक मारुती आठशे आहे. ती माझ्या वडिलांची. वडील संस्थानी दरबारात गात असत. संस्थान विलीन झाले आणि त्यांनी शिकवण्या धरल्या. पुढे उतारवयात कुठे त्यांना स्वतःची मोटार घेता आली. पुढची बैठक पाडून तंबोरा आडवा निजवायचा, त्याच्या भोपळ्याखाली उशी द्यायची आणि मागे आम्ही दोघे-तिघे अंग चोरून बसायचे, अशा रीतीने आम्ही गावोगावच्या बैठकी केल्या. वडील गेले, गाडी राहिली. दर पाच वर्षांनी तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि जुन्या गाडीला त्याचे शुल्कही आता भारी पडते. यंदा पुन्हा ती वेळ आली, तेव्हा ‘ही एक फेरी करून ये आणि मग तिला मोडीत घाल’ असे घरातल्यांनी ठरवले. मीही मान डोलावली होती.

मुलताई सोडली आणि गाडी अडखळू लागली. तिचा नेहमीचा एकसुरी घोष मोडला. मधूनच एक ठोका गळावा तसे होऊ लागले. कशीबशी पांढुर्ण्याच्या वेशीपर्यंत आणली आणि पहिले दिसले त्या गॅरेजपुढे उभी केली. मिस्त्री साठीच्या पुढचा होता. त्याने बॉनेट उघडले, लांब दांडीचा पेचकस घेतला, त्याचे टोक इंजिनला टेकवले आणि मूठ कानाला लावली. डॉक्टरने नळी लावावी तसा. थोडा वेळ ऐकले, मग दुसरा कान लावला, आणि पेचकस खाली घेऊन मला म्हणाला, “गुरुजी, तुमच्यासंगं पेटी दिसते. गाण्यातले हाय का तुमी?”

मी हो म्हटले.

“मंग तुमीच सांगा जी. मी एकेक तार काढतो. आवाज कवा बदलत नाही, तेवढं सांगा. माह्या डाव्या कानानं आता काम सोडलं, अन् उजव्याचाई भरवसा नाही.”

या इंजिनात तीन सिलिंडर. एका ठिणगीची तार काढली की त्या सिलिंडरचे काम थांबते आणि गाडी आणखी लंगडते. जिची तार काढूनही काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीच मेलेले असते. मिस्त्रीने पहिली तार काढली, आवाज पडला. दुसरी काढली, आवाज होता तसाच राहिला. तिसरीला पुन्हा पडला. “मधला,” मी म्हटले. त्याने मधला प्लग काढला. काजळीने तो काळाठिक्कर झाला होता. “तीन भावाचं घर हाय हे. एक रुसला का दोघाईले ओझं,” एवढे बोलून तो कार्ब्युरेटर साफ करायला बसला.

तोवर मी मनाशी एक हिशेब केला. गाडी उभ्या जागी चालू असते तेव्हा तिचे इंजिन मिनिटाला सुमारे आठशे फेरे घेते. दर दोन फेऱ्यांत तीन सिलिंडरांचे तीन ठोके, म्हणजे मिनिटाला बाराशे, सेकंदाला वीस. आता आमच्या शास्त्रातली गंमत अशी की सेकंदाला साधारण वीस कंपने ही माणसाच्या कानाची खालची हद्द आहे. त्याच्या खाली सुटे ठोके ऐकू येतात, वर गेले की ते जुळून स्वर होतो. म्हणजे ही गाडी उभी असते ती लय आणि स्वर यांच्या उंबरठ्यावर. पाय दाबला की लयीचा स्वर होतो. तीस वर्षे मी तिच्यात बसतो आहे, पण हे ध्यानात आले त्या दिवशी, गॅरेजच्या बाकावर.

बाकावर आणखी दोघे होते. एक संत्र्यांचा व्यापारी, आणि दुसरा सौंसर तालुक्यातल्या बोरगावच्या कापड गिरणीत मागावर काम करणारा. बोरगावला रेमंडचा मोठा कारखाना आहे आणि भोवतालच्या गावांतल्या पुष्कळांचा संसार त्यावर चालतो. या मागवाल्याने जुनी अल्टो घेतली होती. गप्पा ओघानेच गाड्यांवर आल्या. मी त्याला विचारले, “तुमच्या गाडीचा मूळ कारखानदार कोण होता, ठाऊक आहे का?” त्याला ठाऊक नव्हते. मग मी त्याला जे सांगितले, ते वाचकांनाही सांगण्याजोगे आहे.

जपानात हामामात्सु नावाचे गाव आहे. भोवती कापूस पिके आणि गावात कापड विणले जाई. तिथे कापूस पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याच्या घरी १८८७ साली मिचिओ सुझुकी जन्मला. सुताराच्या हाताखाली उमेदवारी करून तो कारागीर झाला. पहिला माग त्याने आपल्या आईसाठी बनवला असे सांगतात. १९०९ साली त्याने माग बनवण्याचा कारखाना काढला आणि १९२० साली त्याची रीतसर कंपनी झाली. पुढची तीस वर्षे या घराण्याचा धंदा मागांचाच. १९३७ च्या सुमारास मिचिओने लहान मोटारीची खटपट सुरू केली होती, पण युद्ध आले आणि ती बाजूला पडली. युद्ध संपल्यावर पुन्हा माग. पण १९५१ साली कापसाचा बाजार कोसळला आणि मागांना गिऱ्हाईक उरले नाही. ज्याच्यावर घर उभे होते तेच खचले, तेव्हा त्या मंडळींनी सायकलला छोटेसे इंजिन बसवून १९५२ साली ते बाजारात आणले. अवघ्या ३६ घनसेंटिमीटरचे इंजिन! १९५४ साली कंपनीच्या नावातला माग जाऊन मोटार आली आणि १९५५ साली ‘सुझुलाइट’ ही त्यांची पहिली छोटी मोटार रस्त्यावर धावली.

हे ऐकून तो मागवाला मांडीवर थाप मारून म्हणाला, “मंग तर आपलाच मानूस निघाला न जी! कापसानं मारलं अन् गाडीनं तारलं.” कापसाचा भाव पडला म्हणजे घरात काय होते, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. या मुलखातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी कापसाच्या जोडीला संत्र्याची बाग धरली, ती काही हौसेखातर नव्हे.

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली, ती माझ्या धंद्यातली. मिचिओ जन्मला त्याच १८८७ साली, त्याच हामामात्सुच्या एका शाळेत अमेरिकेहून आणलेला ऑर्गन नादुरुस्त झाला होता. आपल्या पेटीचाच तो थोरला भाऊ, धातूच्या पट्ट्यांच्या सुरांनी वाजणारा. दुरुस्तीला तोराकुसु यामाहा नावाचा कारागीर आला. दुरुस्ती करता करता ‘असा आपणच का करू नये’ असे त्याच्या मनाने घेतले. त्याने ऑर्गन केला आणि एका सोबत्याबरोबर कावडीसारखा खांद्यावर घेऊन हाकोनेचे डोंगर ओलांडत टोकियोच्या संगीतशाळेत नेला. तिथल्या जाणत्यांनी सांगितले, सूर जुळलेले नाहीत. यामाहा तिथेच राहिला, महिनाभर सुरांचे शास्त्र शिकला आणि परत येऊन दुसरा ऑर्गन केला. त्यातून वाद्यांचा तो जगप्रसिद्ध कारखाना उभा राहिला. त्याच्याच नावाच्या मोटारसायकली पुढे आल्या. मागाचे आणि सुरांचे असे हे एकच गाव.

सुझुकीची मोटार आपल्याकडे आली तीही वळणावळणाने. मारुती नावाची कंपनी संजय गांधींनी १९७१ साली काढली होती, ती काही चालली नाही. १९८१ साली सरकारने मारुती उद्योग ही नवी कंपनी स्थापली आणि जोडीदार शोधायला सुरुवात केली. २ ऑक्टोबर १९८२ रोजी सुझुकीशी करार झाला. त्यात सुझुकीचा हिस्सा २६ टक्के होता. त्या वेळचे सुझुकीचे प्रमुख ओसामु सुझुकी हे मिचिओच्या नातीचे यजमान. सासरचे नाव लावून ते त्या घरात आले होते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. साडेसत्तेचाळीस हजारांची ती गाडी. ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे इंजिन. तोवर आपल्या रस्त्यांवर अ‍ॅम्बॅसडर आणि फियाट यांचेच राज्य होते. पुढे सुझुकीचा हिस्सा वाढत गेला आणि २००७ साली कंपनीच्या नावातच सुझुकी आली. ओसामु २०२४ च्या नाताळात वारले, तेव्हा ते ९४ वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले.

दुसऱ्या दिवशी सौंसरला एका निवृत्त हेडमास्तरांकडे उतरलो. त्यांनीही आठशेच घेतली होती, पैसे भरून आणि वाट पाहून. गाडी नागपुराहून आणली ती घरी न नेता थेट जामसावळीला नेली. तिथे पिंपळाखाली पहुडलेला मारुती आहे आणि साऱ्या पंचक्रोशीची त्याच्यावर श्रद्धा आहे. “मारुतीले मारुती दाखवली,” हेडमास्तर हसून म्हणाले. त्या गाडीतून लेकीची पाठवणी झाली, आईला नागपूरच्या इस्पितळात नेले ते त्याच गाडीतून. गावात दुसरी मोटार नव्हती तेव्हा अर्ध्या रात्री कुणीही दार वाजवी. “गाडी माही होती, पन पेट्रोल गावाचं होतं जी.”

संत्र्यांच्या व्यापाऱ्याचे प्रेम ओम्नीवर. १९८४ साली व्हॅन म्हणून आलेली ही गाडी २०१९ साली बंद झाली. इंजिन तेच आठशेचे, पण बसायच्या जागेखाली बसवलेले. म्हणून उन्हाळ्यात खालून शेक येतो आणि पौषात तोच हवासा वाटतो. त्याने मागची बाके काढून टाकली होती. बहाराच्या दिवसांत तिच्यात पेट्या भरायच्या, लग्नसराईत माणसे. किती माणसे, हे मी विचारले नाही.

सगळेच कौतुक ऐकू आले असे मात्र नाही. परीक्षेला आपल्या मुलीला घेऊन आलेल्या एका डॉक्टरांपाशी हा विषय निघाला, तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. महामार्गावरच्या अपघातातली माणसे त्यांच्याकडे येतात. “हलकी गाडी स्वस्त पडते, पण धडक बसली की हलकेपणाची किंमत आत बसलेला देतो,” ते म्हणाले. त्यांचे म्हणणे निराधार नाही. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने अल्टो ८०० ची एअरबॅग नसलेली गाडी धडकेच्या चाचणीत उतरवली, तेव्हा प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी तिला एकही तारा मिळाला नाही. इतर कंपन्यांच्या छोट्या गाड्यांची गत तेव्हा तीच झाली होती. दहा वर्षांनी, २०२४ च्या नोव्हेंबरात, याच कंपनीच्या डिझायरला पाच तारे मिळाले. म्हणजे करता येत होते. पण कायदा आणि गिऱ्हाईक दोघांनी मागितल्यावर झाले. मी डॉक्टरांपुढे माझ्या आठशेचे नाव काढले नाही.

परतीच्या वाटेवर पुन्हा त्या गॅरेजपाशी थांबलो. मिस्त्रीचा नातू नव्या गाडीला यंत्र लावून बसला होता. यंत्राच्या पडद्यावर आकडे येतात आणि कुठे काय बिघडले ते आकडेच सांगतात. पोरगा हुशार आहे, त्याचे काम चोख आहे. २०२५ च्या ऑगस्टात सुझुकीची विजेवर चालणारी गाडीही गुजरातच्या कारखान्यातून बाहेर पडली. तिच्यात ठिणगीही नाही आणि ठोकाही नाही. आजोबांचा पेचकस तिच्या काय कामाचा? मिस्त्रीला याचे वाईट वाटते का, म्हणून मी विचारले.

“वाईट कायचं जी? पोराचं पोट भरते,” तो म्हणाला. “पन येक सांगतो. आकडा दिसला का पोरगं पुर्जा बदलते. काऊन बिघडला, ते इचारत नाही. तेवढं त्याले शिकवाचं होतं मले, अन् आता मलेच आयकू येत नाही.”

हे ऐकून मी चरकलो. आमच्या धंद्यातही आता तंबोरा जुळवावा लागत नाही. कळ दाबली की पेटीतून जुळलेला सूर निघतो. मुले त्या सुरावर गातात आणि चांगली गातात. पण जवारी का लागली नाही, दोरा कुठे सरकवायचा, हे वडिलांनी मला जसे कान धरून शिकवले, तसे मी किती जणांना शिकवले? बोटांवर मोजण्याइतक्यांना.

मी त्या पोराला हाक मारली. गाडी चालू केली, मधली तार काढली आणि पेचकस त्याच्या हातात दिला. “मूठ कानाला लाव. काय गळाले ते सांग.” पहिल्यांदा त्याला काही कळले नाही. मी बॉनेटवर बोटांनी ठोके दिले, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, आणि मग दोनच्या जागी बोट उचलून धरले. तिसऱ्या खेपेला तो दचकला. “इथं खाली राह्यते,” तो म्हणाला. आजोबा लांब उभे होते. त्यांना ऐकू आले नसावे, पण पोराचा चेहरा त्यांना दिसत होता.

गाडी मोडीत घातलेली नाही. नूतनीकरणाचे पैसे भरले. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता, तोही आता संपला आहे. डॉक्टरांचे बोलणे मात्र मनात राहिले आहे, म्हणून महामार्गावर तिला नेणार नाही. तंबोरा आणि मी, गावातल्या गावात, एवढेच तिचे काम. पुढल्या कार्तिकात पांढुर्ण्याला आगगाडीने जाईन. स्थानकापासून ते गॅरेज कितीसे लांब असणार? पोराला आणखी काय काय ऐकू येऊ लागले, ते पाहायचे आहे.