ताबा सरकारचा, चावी दुसऱ्याची
दोनबासमधल्या कारखान्यांच्या जप्तीची कहाणी

१ मार्च २०१७ रोजी पूर्व युक्रेनमधल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्क या दोन स्वघोषित ‘लोक प्रजासत्ताकां’नी आपल्या हद्दीतल्या सुमारे ४० मोठ्या कारखान्यांचा आणि खाणींचा कारभार ताब्यात घेतला. पोलादाच्या भट्ट्या, कोळशाच्या खाणी, वीजकेंद्रं, दूरध्वनी कंपनीची कार्यालयं, सगळ्यांवर ‘बाह्य व्यवस्थापन’ बसवण्यात आलं. कागदोपत्री मालक जुनेच राहिले. हुकूम, हिशेब आणि विक्री मात्र नव्या माणसांच्या हातात गेली. या घटनेकडे मालमत्तेची लूट म्हणून पाहिलं गेलं, किंवा श्रीमंत उद्योगपतींकडून जनतेनं हिसकावून घेतलेला हक्क म्हणून. दोन्ही बाजूंना त्यात पुढे काय घडलं याची फारशी फिकीर नव्हती. मला मात्र पुढचीच हकीकत महत्त्वाची वाटते. जगानं मान्य न केलेलं सरकार कारखाना ताब्यात घेतं, तेव्हा नेमकं काय त्याच्या हाती लागतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे दोनबासमध्ये अगदी उघडं दिसतं.

दोनबास म्हणजे दोनेत्स्क आणि लुहान्स्कचं कोळशाचं खोरं. हा मुलूखच उद्योगानं घडवलेला. जॉन ह्यूज नावाच्या वेल्श उद्योजकानं १८७०च्या आसपास या गवताळ माळावर लोखंडाचा कारखाना घातला. त्याच्याभोवती वस्ती वाढली आणि तिला त्याच्याच नावावरून युझोव्का म्हणू लागले. तेच पुढे स्तालिनो झालं आणि १९६१पासून दोनेत्स्क. ऑगस्ट १९३५मध्ये एका पाळीत १०२ टन कोळसा काढल्याचा विक्रम ज्याच्या नावावर जमा झाला, तो अलेक्सेई स्ताखानोव्ह याच खोऱ्यातला खाणकामगार. सोव्हिएत संघ मोडल्यावर इथले कारखाने मोजक्या उद्योगपतींकडे गेले. त्यांत सगळ्यांत बलाढ्य ठरला दोनेत्स्कचाच एका खाणकामगाराचा मुलगा, रिनात आखमेतोव्ह. पोलादाची ‘मेतइन्व्हेस्त’, कोळसा आणि विजेची ‘डीटेक’, शाख्तार फुटबॉल क्लब आणि ‘दोनबास अरेना’ हे भव्य मैदान, सगळं त्याच्या समूहाचं.

एप्रिल २०१४मध्ये रशियाच्या पाठबळावर फुटीर सत्ता आली. फेब्रुवारी २०१५च्या मिन्स्क युद्धबंदी करारानंतर आघाडीची रेषा बरीचशी स्थिरावली. ही रेषा एकाच उत्पादनसाखळीच्या मधून गेली होती. क्रास्नोदोनच्या खाणी फुटीरांच्या बाजूला होत्या. तिथला कोळसा जायचा अव्दिइव्काच्या कोक कारखान्यात, आणि तो कीव्हच्या, म्हणजे युक्रेन सरकारच्या, ताब्यातल्या भागात, आघाडीला जवळजवळ चिकटून. अव्दिइव्काचा कोक परत रेषा ओलांडून येनाकिएवेच्या पोलाद कारखान्यात यायचा. त्या भट्ट्यांना लागणारं लोहखनिज यायचं पश्चिमेकडच्या क्रिव्ही रिहहून. तयार माल पुन्हा रेषेपलीकडे, मारिउपोल बंदरातून जहाजावर चढायचा. म्हणजे एकाच मालाच्या प्रवासात आघाडी तीन-चारदा ओलांडली जायची. बाजूच्या शेतात तोफगोळे पडत असताना मालगाड्या चालू होत्या.

ही व्यवस्था अडीच-तीन वर्षं टिकली, त्याला कारण होतं. कीव्हची अट अशी की ज्या कंपन्या युक्रेनमध्ये नोंदलेल्या राहतील आणि कर तिथेच भरतील, त्यांच्याच मालाला रेषा ओलांडता येईल. फुटीर सत्तेला या करांतला वाटा अधिकृतपणे मिळत नव्हता, तरी कारखाने चालू राहिल्यानं हजारो घरांत पगार पोहोचत होता. युक्रेनलाही गरज होतीच. देशातल्या अँथ्रसाइट कोळशाच्या सगळ्या खाणी फुटीरांच्या बाजूला राहिल्या होत्या आणि अनेक औष्णिक वीजकेंद्रं नेमक्या त्याच कोळशासाठी बांधलेली होती. अशा व्यापाराला रक्ताचा व्यापार म्हणणाऱ्यांचा राग मी समजू शकतो, त्यांचे भाऊ-मित्र त्याच रेषेवर मरत होते. पण या व्यापारानं दोन्हीकडच्या सामान्य माणसाच्या घरातली चूल पेटती ठेवली, हेही तितकंच खरं.

मोठ्या कारखान्यांना हात लागण्याआधी लहान-मध्यम धंद्यांची पाळी येऊन गेली होती. युक्रेनच्या ताब्यातल्या दनिप्रो शहरातून चालणाऱ्या ‘एटीबी’ साखळीची इथली किराणा दुकानं ताब्यात घेऊन ‘पहिलं प्रजासत्ताक सुपरमार्केट’ या पाटीखाली उघडण्यात आली. पेट्रोलपंप आणि बाजारपेठा यांवरही सत्तेची पकड बसली. बँका निघून गेल्यावर ‘मध्यवर्ती प्रजासत्ताक बँक’ उभी राहिली आणि २०१५पासून व्यवहाराचं मुख्य चलन रूबल झालं. दोनेत्स्कमध्ये या सगळ्यावर महसूल आणि कर खात्याचा मंत्री अलेक्झांडर तिमोफेयेव याचा वचक होता. ऑगस्ट २०१८मध्ये तिथला प्रमुख अलेक्झांडर झाखारचेंको एका कॅफेतल्या बॉम्बस्फोटात मारला गेला, तेव्हा तिमोफेयेवही जखमी झाला. थोड्याच दिवसांत त्यानं दोनेत्स्क सोडलं. मग नव्या सत्ताधाऱ्यांनीच त्याच्या काळातल्या बेकायदा जप्त्यांची जाहीर वाच्यता केली.

मोठा पेच जानेवारी २०१७च्या अखेरीस सुरू झाला. युक्रेनचे काही माजी सैनिक आणि सेमेन सेमेनचेंको, व्होलोदिमिर पारास्युक यांच्यासारखे खासदार हा व्यापार थांबवण्यासाठी रेल्वेरुळांवर तंबू ठोकून बसले. कोळशाच्या वाघिणी अडल्या. राष्ट्राध्यक्ष पोरोशेंको आणि पंतप्रधान ग्रोइसमान यांचा सुरुवातीला या नाकेबंदीला विरोध होता. त्याच दिवसांत अव्दिइव्काभोवती घनघोर लढाई पेटली आणि विजेच्या तारा तुटल्या. कोक कारखान्याच्या भट्ट्या थंड पडू देता येत नाहीत. आतल्या विटांना तडे गेले की भट्टी कायमची निकामी होते. शिवाय शहराच्या घराघरांतली ऊब याच कारखान्यातून येत होती, आणि बाहेर उणे १५-२० अंशांची थंडी. कामगारांनी तो कारखाना जिवंत ठेवला.

२७ फेब्रुवारीला दोन्ही प्रजासत्ताकांनी इशारा दिला: १ मार्चपर्यंत नाकेबंदी उठली नाही तर कारखाने आम्ही चालवू. कंपन्यांनी इथे नोंदणी करून आम्हाला कर द्यावा. आखमेतोव्हच्या समूहानं नकार दिला. मग फाटकावर नवी माणसं आली. त्याच सुमारास आखमेतोव्हच्या धर्मादाय संस्थेचं अन्नवाटपही थांबवण्यात आलं. दोनबास अरेनातून वृद्धांना आणि लहान मुलांच्या घरांना शिध्याची पाकिटं जात होती. कारखान्याच्या मालकीवरून भांडण चालू असताना म्हातारीच्या हातातली तांदळाची पिशवी काढून घेतली गेली, आणि याचं समर्थन कुठल्याही तत्त्वाच्या आधारे होऊ शकत नाही.

१५ मार्चला कीव्हनं रेषेपलीकडची मालवाहतूक अधिकृतपणे बंद केली. युक्रेनच्या राष्ट्रीय बँकेनं त्या वर्षीच्या वाढीचा अंदाज २.८ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आणला. वीजकेंद्रांसाठी दक्षिण आफ्रिकेतून कोळसा आणावा लागला, आणि जुलैमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाहून ७ लाख टन अँथ्रसाइट घेण्याचा करार झाला.

आता नव्या कारभाऱ्यांसमोरचा प्रश्न: पोलाद विकायचं कुणाला? पोलादाच्या व्यापारात मालासोबत उत्पत्तीचा दाखला लागतो, बँकेची पतपत्रं लागतात, विमा लागतो. दोनेत्स्कच्या शिक्क्याचा दाखला कुठलीही मोठी बँक घेणार नव्हती. रशियानं तेव्हा या प्रजासत्ताकांना मान्यता दिलेली नव्हती. रशियातल्या मोठ्या कंपन्यांना पाश्चात्त्य निर्बंधांची धास्ती होती. म्हणून वाट काढण्यात आली काकेशस पर्वतातल्या दक्षिण ओसेतियामार्गे. जॉर्जियातून फुटलेल्या या चिमुकल्या प्रदेशाला रशियाची मान्यता होती, आणि त्यानं २०१४मध्येच दोनेत्स्क-लुहान्स्कला मान्यता दिली होती. तिथे नोंदलेल्या ‘व्न्येश्तोर्गसर्विस’ या कंपनीकडे जप्त कारखान्यांचा कारभार सोपवला गेला. पैशांचे व्यवहारही तिथल्याच एका बँकेतून फिरू लागले. ज्या प्रदेशात चालू रेल्वे नाही, तो कागदावर लाखो टन कोळसा आणि पोलादाचा व्यापारी झाला. माल प्रत्यक्षात रशियाच्या रोस्तोव्ह प्रांतात जायचा आणि तिथून रशियन म्हणून पुढे विकला जायचा.

कंपनीचा प्रमुख होता व्लादिमिर पाश्कोव्ह, रशियातल्या इर्कुत्स्क प्रांताचा माजी उपराज्यपाल. तिच्यामागे नाव घेतलं जायचं सेर्ही कुरचेंकोचं. खार्किव्हचा हा तरुण व्यापारी युक्रेनचा माजी राष्ट्राध्यक्ष यानुकोविच याच्या राजवटीत झपाट्यानं श्रीमंत झाला आणि २०१४मध्ये रशियात पळाला. कोळशाच्या निर्यातीची वाटही त्याच्याशी जोडलेल्या कंपन्यांकडे गेली. जानेवारी २०१८मध्ये अमेरिकेनं व्न्येश्तोर्गसर्विसवर निर्बंध घातले. थोडक्यात, दोनेत्स्कचं सरकार ज्या कारखान्यांचं नियंत्रण आपलं म्हणत होतं, तिथलं उत्पादन किती, भाव काय, पैसे कधी, हे ठरत होतं मॉस्को आणि रोस्तोव्हमध्ये बसलेल्या मध्यस्थाकडे. मालाच्या दारावर जो एकटा बसतो तो भाव पाडतोच. खाणीला आणि कारखान्याला कमी पैसे मिळत, आणि तूट पगारातून वसूल होई.

इतिहासात याच्या उलटा नमुनाही आहे. जुलै १९६०मध्ये काँगोपासून फुटलेल्या कटांगा प्रांताला ‘युनियन मिनिएर’ या बेल्जियन तांबे कंपनीनं कर आणि स्वामित्वधन देऊन पोसलं. जानेवारी १९६३पर्यंत ते राज्य टिकलं, त्यात त्या पैशाचा मोठा वाटा होता. कटांगात कंपनीनं राज्य धरून ठेवलं होतं. दोनबासमध्ये राज्यानं कंपनी धरली, आणि दोघांचाही गळा तिसऱ्याच्या हातात राहिला.

येनाकिएवे आणि अल्चेव्स्कचे पोलाद कारखाने खंड पडत पडत, अपुऱ्या क्षमतेनं चालले. पगार महिनोन्‌महिने थकू लागले. जून २०२०मध्ये लुहान्स्क भागातल्या आंत्रात्सित शहराजवळच्या ‘कोम्सोमोल्स्काया’ खाणीतले कामगार थकलेल्या पगारासाठी वर यायला नकार देऊन खालीच बसले. ज्या राज्याच्या नावातच ‘लोक’ होते, त्यानं इंटरनेट बंद पाडलं आणि धरपकड केली. तरी त्या लोकांनी काही थकबाकी पदरात पाडून घेतली. त्यांच्या धैर्याबद्दल मला अपार आदर आहे. ना स्वतंत्र संघटना, ना न्यायालय, ना वार्ताहर, अशा अवस्थेत जमिनीखाली बसून राहणं सोपं नव्हतं.

पैसा नाही तिथे सुरक्षितता पहिल्यांदा जाते. एप्रिल २०१९मध्ये युरिव्का इथल्या ‘स्खिदकार्बन’ खाणीत स्फोट होऊन १७ जण मृत्युमुखी पडले. अनेक जुन्या खाणींतले पाणी उपसणारे पंप बंद झाले. येनाकिएवेजवळच्या ‘युनकोम’ खाणीत १९७९मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी कोळशातल्या वायूचा दाब कमी करण्यासाठी छोटा अणुस्फोट घडवला होता. त्या पोकळीत पाणी जाऊ नये म्हणून खाण बंद झाल्यावरही उपसा चालू ठेवला होता. एप्रिल २०१८मध्ये दोनेत्स्कच्या सत्तेनं तो थांबवला. भूजलाला प्रजासत्ताकांच्या सीमा कळत नाहीत, आणि विहिरीचं पाणी पिणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

जून २०२१मध्ये व्न्येश्तोर्गसर्विसला बाजूला करून कारखाने येवगेनी युरचेंको या रशियन उद्योजकाच्या कंपनीकडे देण्यात आले. थकलेले पगार फेडण्याचं आश्वासन त्यानं पहिल्याच घोषणेत दिलं, यावरून आधीच्या चार वर्षांचा ताळेबंद समजतो. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियानं प्रजासत्ताकांना मान्यता दिली, पूर्ण युद्ध सुरू झालं आणि सप्टेंबरमध्ये दोन्ही प्रांत रशियात विलीन केल्याचं जाहीर झालं. मारिउपोलचे प्रचंड पोलाद कारखाने लढाईत उद्ध्वस्त झाले. फेब्रुवारी २०२४मध्ये अव्दिइव्काही पडलं. कामगारांनी कडाक्याच्या थंडीत जपलेला कोक कारखाना तोवर भग्न झाला होता.

उरला तो कामगारांच्या नोकरीच्या वर्षांचा हिशेब. मार्च २०१७पर्यंतची नोकरी युक्रेनच्या कंपनीतली. त्यानंतरची वर्षं ज्या सत्तेच्या शिक्क्यानं नोंदली गेली, तिचे नोकरीचे दाखले कीव्ह मानत नाही. २०१४च्या अखेरीपासून पलीकडच्या भागात युक्रेनचं निवृत्तिवेतनही थांबलं. ते मिळवायला म्हाताऱ्या माणसांना रेषा ओलांडून, विस्थापित म्हणून नाव नोंदवून, तपासणी नाक्यांवर तासन्‌तास रांगेत उभं राहावं लागे. फेब्रुवारी २०२२मध्ये ते नाकेही बंद झाले. आखमेतोव्हच्या समूहानं हिरावलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी रशियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय दाद मागितली आहे. येनाकिएवेच्या भट्टीवर तीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाच्या थकलेल्या पगारासाठी असा कुठलाही दावा उभा राहिलेला नाही.