कोडमध्ये न लिहिलेलं कारण

आजच्या विषयाची सूचना लागली तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. सॉफ्टवेअरचा कोड वाचनीय कसा ठेवावा, यावर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी म्हटलं, आयुष्यात एकच प्रोग्रॅम लिहिला आणि तो वाईट लिहिला, एवढी पात्रता पुरे. (हशा)

त्या प्रोग्रॅमपासूनच सुरुवात करतो. १९९० च्या आसपास आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला. मी तर्कशास्त्र शिकवायचो, म्हणजे मला हे जमणारच असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. मी बेसिक शिकलो आणि अंतर्गत परीक्षेच्या गुणांचा प्रोग्रॅम लिहिला. व्हेरिएबलना नावं काय दिली, तर एम, टी, एक्स. एका वर्षी प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न चुकीचा छापला गेला, तेव्हा सर्वांना ३ गुण द्यायचं ठरलं. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: एम = एम + ३. काम झालं, निकाल लागला.

पुढच्या वर्षी हेडक्लार्क कागद घेऊन आले. "सर, हा मुलगा परीक्षेला बसलाच नव्हता. याला ३ गुण कसे?" मी प्रोग्रॅम उघडला, ती ओळ दिसली, आणि मला काही म्हणजे काही आठवेना. ओळ माझी, अक्षर न् अक्षर कळतंय, पण ती तिथे का आहे ते सांगता येईना. एक सहकारी म्हणाले, "विद्यापीठाचा काहीतरी नियम असेल, हात लावू नका." आणि मी खरंच हात लावला नाही! त्या मुलाचे गुण पेनानं खोडून शून्य केले. त्यानंतर आणखी एक वर्ष ३२ वाली मुलं ३५ वर जाऊन पास होत राहिली. शेवटी दुसऱ्याच कामासाठी जुन्या सभांचं इतिवृत्त चाळताना मला ते तीन गुण सापडले.

आता बघा, एम = एम + ३ यात दुर्बोध काय आहे? शाळेतलं पोरही वाचेल. म्हणजे "वाचनीय" या शब्दाचे इथे दोन अर्थ आहेत. ओळ काय करते हे कळणं हा एक. ती तशी का आहे हे कळणं हा दुसरा. पहिल्याची काळजी बरेच जण घेतात: नीट नावं द्या, फंक्शन लहान ठेवा, ओळींची मांडणी एकसारखी ठेवा. ते करायलाच हवं, त्यावर मी वेळ घालवत नाही. माझं भांडण दुसऱ्याशी आहे.

आमच्या कॉलेजात तीन गुणांवर भागलं. ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानामधल्या कुरूहून युरोपचं एरियान-५ हे रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि ४० सेकंदांच्या आत मार्ग सोडून फुटलं. आत चार उपग्रह होते. कारण असं, की दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान-४ वरून तसंच उचललं होतं. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक मोठी, ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत बसवली जात होती. तिथे ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. एरियान-४ ला तो कधी लागलाच नाही. एरियान-५ चा सुरुवातीचा मार्ग वेगळा, आडवा वेग जास्त. आकडा मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. गंमत म्हणजे, गंमत कसली, दुर्दैव, ज्या गणितात हे घडलं त्याचा एरियान-५ ला उड्डाणानंतर काहीच उपयोग नव्हता.

पण हा निष्काळजीपणा होता का? चौकशी मंडळाचा अहवाल वाचावा असा आहे. धोक्याची व्हेरिएबल सात होती. त्यांतल्या चारांना संरक्षण दिलं होतं आणि तीन विचारपूर्वक उघडी ठेवली होती, कारण प्रोसेसरवरचा ताण मर्यादेत ठेवायचा होता आणि त्या तीन संख्या एवढ्या वाढणारच नाहीत असा हिशेब होता. एरियान-४ पुरता तो बरोबरही होता. मंडळानं नोंदवलं, की या निर्णयाचं समर्थन प्रत्यक्ष कोडमध्ये कुठे सापडलं नाही. कागदपत्रांचा ढीग होता, आणि त्या ढिगात हे गृहीतक बाहेरच्या तपासणाऱ्यांच्या नजरेआड गेलं. त्या तीन ओळींच्या डोक्यावर "हे एरियान-४ च्या मार्गावर अवलंबून आहे" एवढं एक वाक्य असतं तर? रॉकेट वाचलंच असतं असं मी म्हणणार नाही. पण निदान कुणीतरी तिथे थांबून प्रश्न विचारला असता.

इथे मी माझ्या विषयात शिरतो. गिल्बर्ट राइल या इंग्लिश तत्त्वज्ञाचं "द कॉन्सेप्ट ऑफ माइंड" १९४९ साली आलं. अमुक गोष्ट अशी आहे हे माहीत असणं आणि अमुक गोष्ट कशी करायची हे जमणं, हा फरक त्यांनी ठसवला. पोहण्यावरचं पुस्तक पाठ असणारा माणूस विहिरीत बुडू शकतो. पीटर नाऊर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञानं १९८५ मध्ये हेच प्रोग्रॅमिंगला लावलं. त्यांचं म्हणणं असं, की प्रोग्रॅम लिहिणारे लोक मुख्यतः मजकूर तयार करत नसतात. जगातल्या एखाद्या व्यवहाराची उकल ते आपल्या डोक्यात तयार करत असतात. ज्याच्याकडे ती उकल आहे तो कुठलाही भाग तसा का आहे ते सांगू शकतो, आणि नवीन मागणी आली की ती कुठे बसेल हेही ओळखतो. त्यांनी उदाहरण दिलंय एका कंपायलरचं. मूळ गटाकडून दुसऱ्या गटानं तो विस्तारासाठी घेतला. सगळी कागदपत्रं हाती होती. तरी दुसऱ्या गटाच्या सूचना मूळ रचनेच्या ताकदीचा उपयोग न करता वरून ठिगळं लावणाऱ्या निघाल्या. मूळ गटातल्यांना ते बघताक्षणी कळलं, आणि त्यांनी रचनेतच बसणारे साधे उपाय सुचवले. पुढे मूळ गटाचा सल्ला थांबला. काही वर्षांनी रचना दिसत होती, पण भरीला पडलेल्या जोडांमुळे निकामी झालेली.

आपल्याकडे हे अपरिचित नाही. पाणिनीची अष्टाध्यायी घ्या. सुमारे ४००० सूत्रं, आणि एका सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत न लिहिता चालत येतो. इतकं आटोपशीर लिखाण टिकलं, कारण कात्यायनाची वार्तिकं, पतंजलीचं महाभाष्य आणि शिकवणाऱ्यांची अखंड परंपरा मागे उभी होती. आमचे हुशार तरुण सूत्रं लिहितात पाणिनीसारखी, आणि दोन वर्षांत नोकरी बदलतात. पतंजली कोण होणार?

मग करायचं काय? नाऊर फार पुढे गेले, असं माझं मत आहे. नुसत्या लिखाणातून ती उकल पुन्हा उभी करणं अशक्यच, असं ते म्हणतात. मला वाटतं, पूर्ण नाही, तरी पुष्कळ पोचवता येते; पण जागा चुकली की ती पोचत नाही. माझ्या त्या ओळीत नुसत्या ३ ऐवजी "चुकीच्या प्रश्नाचे गुण" असं नाव असतं तर हेडक्लार्कनीच मला उत्तर दिलं असतं. "एममध्ये ३ मिळवा" ही कॉमेंट मात्र निरुपयोगी, ते तर ओळच सांगते. "या सत्रापुरतं, अमुक सभेचा निर्णय, नंतर काढा" ही कॉमेंट उपयोगी. कमिटच्या संदेशात "बग दुरुस्त" एवढंच लिहून मोकळे होऊ नका. कुठला बग आणि दुसरा उपाय का टाळला, ते लिहा. आणि टेस्ट लिहा. "गैरहजर विद्यार्थ्याचे गुण शून्यच राहिले पाहिजेत" एवढी एक टेस्ट असती, तर पेन काढायची वेळ माझ्यावर आली नसती. कारण कॉमेंट खोटी पडली तर कुणाला पत्ता लागत नाही, चालवली जाणारी टेस्ट खोटी पडली की बोंब मारते.

मागून चिठ्ठी आली आहे: "आता यंत्रच कोड लिहितं, यंत्रच बदलतं. माणसानं वाचायचा कशाला?" चांगला प्रश्न आहे. यंत्र "एम = एम + ३" ही ओळ सुंदर समजावून सांगेल, एमला झकास नावही देईल. पण प्रश्न चुकीचा छापला होता हे इतिवृत्तात होतं आणि चार प्राध्यापकांच्या डोक्यात होतं. ते कुणी त्याला सांगितलं नाही, तर तेही बहुधा माझ्या सहकाऱ्यांसारखं सांगेल, की विद्यापीठाचा काहीतरी नियम असेल.