मैदानाबाहेरचा फुटबॉल – भाग ६ : लॅमिनेट केलेला कागद

मागच्या भागात परदेशी क्लबांचे करार कसे ठरतात ते पाहिलं. भंडारा जिल्ह्यातला एखादा पोरगा तिथवर पोचायचा असेल, तर त्याची वाट नेमकी कुठून सुरू होते? आपल्याकडे फुटबॉल खेळणाऱ्या मुलाच्या घरी बहुधा एक फाइल असते. तिच्यात तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या, जमलंच तर नागपूर विभागाच्या शालेय स्पर्धांची लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं. त्यांना मोल आहे : बोर्डाच्या परीक्षेत क्रीडागुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण. पोलीस भरतीची तयारी चालणाऱ्या घरात ही फाइल दागिन्यासारखी जपली जाते, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र परदेशी क्लबाला तिचा उपयोग नाही. त्याला हवी असते वेगळी माहिती : बाराव्या वर्षापासून हा मुलगा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या क्लबाकडे नोंदलेला होता. फिफाच्या भाषेत हा खेळाडूचा पासपोर्ट. माझं म्हणणं असं की परदेशातली कारकीर्द विमानतळावर सुरू होत नाही. ती या नोंदीतून सुरू होते आणि आपल्याकडे बहुतेकदा तिथेच अडते.

ही नोंद आपल्याच देशात का व्हावी लागते, ते नियमांतून कळतं. फिफाच्या नियमावलीतलं कलम १९ सांगतं की अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबात जाता येत नाही. अपवाद मोजके : आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने स्थलांतरित झाले, किंवा युरोपीय संघातल्या देशांमध्येच सोळा वर्षांनंतर बदली झाली, वगैरे. तेरा वर्षांचा मेस्सी २००० साली बार्सिलोनाला गेला, तेव्हा हा नियम आला नव्हता, तो २००१चा. २०१४ साली तो मोडल्याबद्दल खुद्द बार्सिलोनावरच नवे खेळाडू घेण्याची बंदी आली. कोणी म्हणेल, हा गरीब देशांच्या मुलांवर अन्याय आहे. मला तसं वाटत नाही. दलालांनी कोवळी पोरं परदेशी नेऊन सोडून देण्याचे प्रकार झाले होते, म्हणून ही भिंत उभी राहिली. परिणाम मात्र सरळ आहे : घडण्याची सारी वर्षं मुलाला आपल्याच देशात काढावी लागतात.

‘गुण असला की वाट सापडते’ हा आक्षेप नेहमीचा. उदाहरणं काय सांगतात? बायचुंग भुतिया १९९९ साली इंग्लंडच्या बरी क्लबात गेला, गोव्याचा रोमिओ फर्नांडिस २०१५ मध्ये ब्राझीलच्या अॅटलेटिको पारानेन्सेत. पहिला ईस्ट बंगालमधून, दुसरा धेंपो क्लबाकडून उसना. सुनील छेत्री सतराव्या वर्षीच मोहन बागानमध्ये होता. म्हणजे प्रत्येकाच्या पाठीशी आधीच एक क्लब होता. तरीही २००९ साली छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी झालेला करार बारगळला, कारण भारत जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरांत नव्हता आणि ब्रिटनने कामाचा परवाना नाकारला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१९ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावाला जाऊन आला. त्या क्लबाची मालकी २०१० पासून पुण्याच्या वेंकीज कंपनीकडे आहे. पण मालक पुण्याचे म्हणून परवान्याचे निकष सैल होत नाहीत. एवढ्या अडथळ्यांच्या शर्यतीत निदान आपल्या हातातला पहिला कागद तरी कोरा नसावा.

शालेय स्पर्धेची अडचण कागदापुरतीच नाही. सुब्रतो चषक या आंतरशालेय स्पर्धेची तालुका-जिल्हा फेरी बाद पद्धतीची. पहिल्याच सामन्यात हरलात, तर त्या स्पर्धेपुरतं वर्ष संपलं. युरोपातला त्याच वयाचा मुलगा आठवड्याला एक लीग सामना खेळत असतो. सामने देतो तो क्लब, आणि नोंदही क्लबाचीच होते : जिल्हा संघटना, तिच्यावर महाराष्ट्राची राज्य संघटना ‘विफा’, आणि शेवटी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची संगणकीकृत नोंदणी. शिवाय या नोंदीला पैसा जोडलेला आहे. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर रकमेतले ५ टक्के त्याला बारा ते तेवीस वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. समजा सौदा २ कोटींचा. वाटायचे १० लाख. पंधराव्या वर्षापर्यंत दर हंगामाला ५० हजार, सोळापासून पुढे दर हंगामाला १ लाख. तुमसर किंवा पवनीच्या एखाद्या क्लबाने मुलाला बारा ते सतरा अशी सहा वर्षं सांभाळलं असेल, तर त्याच्या वाट्याला ४ लाख येतात. नोंद नसेल, तर मैदानावर चुना आखणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

यावर खरा अवघड आक्षेप अंतराचा आहे. बऱ्यापैकी लीग सामने नागपुरात, आणि भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. साकोली-लाखांदूरकडच्या घराला तर दर आठवड्याचं एसटीचं भाडं आणि बुडालेली शाळा परवडायची नाही. हे खोडून काढता येत नाही. पण नोंदणी आणि प्रवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साकोलीतच दोन-चार गावांच्या मुलांचे संघ एका संलग्न क्लबाखाली नोंदले, शाळेतले क्रीडाशिक्षकच प्रशिक्षक राहिले आणि धान कापणीनंतर मोकळ्या मैदानावर साखळी सामने झाले, तरी बाराव्या वर्षाची तारीख त्या पासपोर्टावर चढते. पोलीस भरतीची फाइल तशीच कपाटात राहते. तिला धक्का लागत नाही.