इंदापूरचा इंजिनिअर आणि पीएफचं त्रांगडं

आमच्या इंदापूर-बारामतीकडं पोरगं 'कंप्युटरला' गेलं की पुढचा रस्ता बहुतेक ठरलेलाच. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं कॉलेज, मग हिंजवडी, जमलं तर बेंगळुरू. मीही त्याच रस्त्यानं गेलो. आठ वर्षांत तीन कंपन्या, दोन शहरं. सोमवारी पहाटे परत निघताना बॅगेत लॅपटॉपशेजारी ज्वारीच्या पिठाची पिशवी असते. भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसायला लागलं की मॅनेजरचा पहिला मेसेज येतोच!

असो, कामाचं सांगतो. पहिली नोकरी सोडल्यावर मी पीएफ काढून मोकळा झालो आणि करात फटका बसला. सलग पाच वर्षं सेवा होण्याआधी पीएफ काढला तर त्यावर साधारणपणे कर लागतो. तेच पैसे नव्या खात्यात वर्ग केले तर आधीची वर्षंही या पाचात धरतात. २०१४ पासून पीएफसाठी यूएएन हा नंबर आहे, कंपनी बदलली तरी तोच राहतो. नव्या ठिकाणी तोच द्या. दोन झाले की निस्तरत बसावं लागतं. ग्रॅच्युइटीचं मात्र वेगळं, तिथं जुन्या कंपनीतली वर्षं पुढं धरत नाहीत.

वर्ष अर्धवट असताना नोकरी बदललीत तर आधीचा पगार नव्या एचआरला कळवा. नाहीतर दोन्हीकडं सवलत धरली जाते आणि रिटर्न भरताना एकरकमी कर भरावा लागतो.

आणि हो, जुन्या कंपनीनं पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकलीय का, ते आज रात्रीच बघून घ्या.