'उतरणे' आणि 'उतरविणे' : विवाहापूर्वी वजन घटविण्याच्या ध्येयाचा विचार

'उतरणे' हे मराठीत अकर्मक क्रियापद आहे. ताप उतरतो, पूर उतरतो, बाजारभाव उतरतात. या क्रिया आपापल्या गतीने घडतात. माणूस फार तर त्यांना अनुकूल परिस्थिती निर्माण करतो. 'उतरविणे' हे त्याचे प्रयोजक रूप. हमाल गाडीतून पोती उतरवितो, बाई डोक्यावरची घागर उतरविते. येथे वेळ कर्त्याची, गतीही कर्त्याची. शरीराच्या वजनाला ही दोन्ही रूपे लावली जातात. विवाहाची तिथी निश्चित झाल्यावर वधूवर जे ध्येय उराशी धरतात त्यातील चूक बहुधा या दोहोंच्या गल्लतीतच सापडते. 'लग्नापर्यंत दहा किलो उतरवायचे' असे म्हणताना वजन हे पोत्यासारखे, ठरल्या दिवशी खाली ठेवण्याजोगे कल्पिलेले असते. वस्तुतः ते तापासारखे उतरते.

जुन्या बोलीत कृश होण्याविषयीचे शब्द विपुल आहेत : वाळणे, रोडावणे, खंगणे, हाडे निघणे. त्यांपैकी एकही शब्द इच्छापूर्वक केलेल्या कृतीचा नाही; सारे काळजीच्या स्वरातले आहेत. याउलट 'अंग धरणे' हे कौतुकाचे, आणि 'बाळसे' तर लाडाचेच. हेतुपुरस्सर कृश होण्याची गरज ज्या समाजाला क्वचितच पडली त्याच्या भाषेला त्यासाठी स्वतंत्र क्रियापद लागले नाही, यात नवल नाही. गरज निर्माण झाली तेव्हा ओझ्याचे क्रियापद उसने घेण्यात आले.

तथापि ओझ्याची ही कल्पना आणखी एका बाबतीत फसवी ठरते. काट्यावर जे भरते ते केवळ चरबीचे वजन नसते. यकृत व स्नायू यांमध्ये ग्लायकोजेन या रूपाने सुमारे अर्धा किलो शर्करा साठविलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. आहार एकाएकी कमी करताच हा साठा प्रथम आटतो. पहिल्याच आठवड्यात दीडदोन किलो 'गेले' असा जो आनंद होतो तो मुख्यतः पाण्याचा असतो, आणि पोटभर जेवण सुरू होताच ते पाणी परत येते. पाण्याचे हे येणेजाणे किती बेभरवशाचे असते, याचा प्रत्यय २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये साऱ्या देशाला आला. ५० किलो गटातील कुस्तीगीर विनेश फोगट हिचे वजन ६ ऑगस्टच्या सकाळी नियमात बसले होते. दिवसभरात तीन कुस्त्या जिंकून तिने अंतिम फेरी गाठली. पण ७ ऑगस्टच्या सकाळी वजन १०० ग्रॅम अधिक भरले आणि ती बाद झाली. कुस्तीगिराला गटाचे बंधन असते, म्हणून हा मार्ग पत्करावा लागतो. वधूवरांवर असे कोणते बंधन आहे?

चरबीचे गणित निराळे आहे. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानाने ७,७०० उष्मांक. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७२ किलो आणि विवाह १६ आठवड्यांवर, असे एका वधूचे उदाहरण घेऊ. दहा किलो उतरविण्यासाठी तिला रोज सुमारे ६९० उष्मांकांची तूट, एकही दिवस न चुकता, सोसावी लागेल. आता पंचांग पाहावे. मार्गशीर्षात लग्न असेल तर हे १६ आठवडे श्रावणाच्या अखेरीपासून सुरू होतात. म्हणजे वाटेत गणपतीचे मोदक आहेत, नवरात्रातील 'उपवास' आहेत (साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे कूट आणि तूप यांच्या योगे हे उपवास जेवणाहून जड होतात, हे सर्वांस ठाऊक आहे), दिवाळीचा फराळ आहे आणि शेवटी केळवणे आहेत. मावशी, आत्या, शेजारी, कचेरीतील मंडळी यांनी आग्रहाने ताटात वाढलेले श्रीखंड नाकारणे हे आहारशास्त्राच्या नव्हे, नात्यांच्या कक्षेत येते. आणि ते नाकारूही नये. अशा दिवसांचे चार आठवडे वजा केल्यास बारा उरतात. दहा किलोंसाठी मग रोजची तूट ९०० च्या वर जाते. इतकी तूट सोसणाऱ्या शरीरात चरबीबरोबर स्नायूही झडतात, पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो आणि दोनतीन महिन्यांनी केस गळू लागतात. वजन उतरविण्याच्या नादात चेहरा उतरतो, तो असा.

आठवड्याला अर्धा किलो ही गती बहुतेकांना झेपते. त्या हिशेबाने बारा आठवड्यांत सहा किलो व्हावेत. पण शरीर लहान झाले की त्याचा खर्चही घटतो, त्यामुळे तीच तूट पुढेपुढे अपुरी पडते. केवळ ७,७०० ने भागून काढलेले उत्तर म्हणूनच नेहमी आशावादी असते. चार ते साडेचार किलो हे त्या वधूचे प्रामाणिक ध्येय होय. सहा महिन्यांत मूळ वजनाचा दशांश घटवावा, असे अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या १९९८ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. १६ आठवड्यांना तोच दर लावला तरी उत्तर ४.४ किलो येते. ज्यांचे वजन उंचीच्या मानाने मुळातच योग्य आहे, त्यांनी मात्र या हिशेबात पडण्याचे कारण नाही. मधुमेहाची औषधे चालू असतील त्यांनी आहार बदलण्यापूर्वी वैद्यांना विचारणे आवश्यक आहे.

चार किलो हे ऐकताना अल्प वाटते. या 'अल्प वाटण्या'चा अभ्यास अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील गॅरी फॉस्टर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. साठ स्थूल स्त्रियांना त्यांनी ध्येयाच्या वजनाबरोबर आणखी चार वजने सांगण्यास सांगितले : स्वप्नातले, आनंदाचे, पत्करण्याजोगे आणि निराशेचे. सुमारे १७ किलो घटणे हे या स्त्रियांच्या लेखी निराशेचे ठरले. ४८ आठवड्यांच्या उपचारानंतर सरासरी १६ किलो वजन घटले. आरोग्याच्या दृष्टीने हे यश मोठेच म्हणावे लागेल. तरीही ४७ टक्के स्त्रिया स्वतः 'निराशेचे' म्हणून ठरविलेल्या वजनापर्यंतही पोहोचल्या नव्हत्या. निराशा शरीराने केली नव्हती, आधी लावलेल्या विशेषणाने केली होती.

यास्तव ध्येयाचे वाक्य रचताना 'वजन' हे कर्म न योजता कर्त्याच्या खरोखर स्वाधीन असलेली कर्मे योजावीत : रोज पाऊण तास चालेन, रात्रीच्या जेवणात भाताची एकच वाढ घेईन, चहातील साखर निम्मी करीन. ही वाक्ये रोज खरी-खोटी ठरविता येतात. काटा आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच वेळी पाहावा, आणि एका आकड्यावरून नव्हे तर तीनचार आठवड्यांच्या कलावरून अनुमान काढावे.

राहता राहिला शालूवरच्या पोलक्याचा प्रश्न. पुष्कळ ठिकाणी ते 'होणाऱ्या' मापाचे शिवून घेतले जाते, आणि मग शेवटचा पंधरवडा त्या पोलक्यात मावण्यासाठी उपाशी काढला जातो. माप लग्नाच्या तीन आठवडे आधी, असलेल्या अंगाचे द्यावे आणि शिंप्याला शिवणीत दोन बोटे कापड आत सोडावयास सांगावे. केळवणे अजून उरलेली असतात.