खांदा पुन्हा पुन्हा उतरतो? मग नुसता बसवून भागणार नाही!

आपल्या कष्टकरी घरांची भाकरी खांद्यावर आहे. रावेर-यावलकडे केळीचे घड ट्रकमध्ये चढवणारे, जळगावच्या एम.आय.डी.सी.त डाळ मिल आणि चटईच्या कारखान्यात काम करणारे, धुळ्याच्या मार्केट यार्डात पोती वाहणारे, या सगळ्यांचा खांदा चालला तर चूल पेटते. आणि हेच काम करणारी तरुण मुले संध्याकाळी कबड्डीच्या मैदानावर उतरतात. म्हणून ‘खांदा उतरला’ हे शब्द आपल्या वस्तीला नवे नाहीत.

आम्ही नोकरी सांभाळून वस्तीतील आजारी माणसांचे दवाखान्याचे कागद करून देण्याचे काम काही वर्षे करीत आहोत. त्यात एक गोष्ट नेहमी दिसते. खांदा पहिल्यांदा उतरला तेव्हा कोणी येत नाही. चौथ्या-पाचव्या वेळेला माणूस येतो. तोवर खांदा झोपेत कूस बदलतानाही सटकू लागलेला असतो. “दर वेळी बसतो ना, मग ऑपरेशन कशाला?” असा प्रश्न घरचे विचारतात. त्याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख आहे.

खांदाच का उतरतो?

शाळेतली लिंबू-चमचा शर्यत आठवा. खांद्याचा सांधा तसाच आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्या वाटीत बसतो ती वाटी लहान व उथळ. मांडीचा सांधा उखळीसारखा खोल असतो, म्हणून तो सहसा निखळत नाही. पण तो चहूबाजूंनी फिरतही नाही. खांदा चहूबाजूंनी फिरतो, त्याची किंमत म्हणून तो लवकर सटकतो. शरीरातल्या मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त वेळा निखळणारा सांधा हाच.

उथळ वाटीला आधार म्हणून तिच्या काठाभोवती कूर्चेची एक किनार असते. डॉक्टर तिला ‘लॅब्रम’ म्हणतात. तिला सांध्याचे बंध चिकटलेले असतात आणि वरून स्नायू गोळ्याला धरून ठेवतात. हात वर व बाहेर असताना मागे जोराचा हिसका बसला, म्हणजे कबड्डीत पकड झाली किंवा गाडीवरून पडताना हात टेकला, की गोळा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला निसटतो. निसटताना तो पुढची किनार हाडापासून सोलून काढतो. खांदा बसवला की गोळा जागेवर येतो, पण सोललेली किनार पुष्कळदा नीट जागी चिकटत नाही. दाराची फळी बसवली, बिजागरी मात्र निखळलेलीच राहिली, तसा हा प्रकार आहे.

ही गोष्ट ठामपणे मांडली ती लंडनचे शल्यचिकित्सक बँकार्ट यांनी १९२३ साली. वारंवार उतरणाऱ्या खांद्याचे मूळ या फाटलेल्या किनारीत आहे, ती पुन्हा हाडाला शिवली पाहिजे, असे त्यांनी सांगितले. आजही त्या जखमेला आणि शस्त्रक्रियेला त्यांचेच नाव आहे. त्याआधी लोकांनी काय काय केले! सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस यांच्या ग्रंथात अशा खांद्यासाठी काखेत तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याचा उपाय लिहिलेला आहे. जखम भरताना आतला भाग आकसावा, हा हेतू. आपल्याकडेही अजून कोणी वडीलधारे ‘डाग द्या’ म्हणतात. त्यांचा राग करू नये, पण त्यांचे ऐकूही नये.

दर वेळी थोडे हाड जाते

किनार तर फाटतेच. शिवाय निसटलेला गोळा वाटीच्या कडेवर आपटतो आणि गोळ्याच्या मागच्या बाजूला खळगा पडतो. वाटीची पुढची कडही झिजत किंवा तुटत जाते. म्हणजे पहिल्या वेळी जखम किनारीची असते, दहाव्या वेळी ती हाडाची झालेली असते. लवकर केलेली शस्त्रक्रिया लहान असते, उशिरा केलेली मोठी, ती यामुळे. वर्षानुवर्षे असेच चालू राहिले तर पुढे सांध्याची झीजही वाढते.

वय जितके कमी तितका धोका जास्त. विशीच्या आत पहिल्यांदा खांदा उतरला तर निम्म्याहून अधिक मुलांचा तो पुन्हा उतरतो. चाळिशीनंतर पुन्हा उतरण्याची भीती कमी असते, पण त्या वयात खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या शिरा फाटण्याचा संभव वाढतो. खांदा बसवल्यावर काही आठवड्यांनीही हात वर उचलता येत नसेल तर ‘दुखते म्हणून येत नाही’ असे समजून थांबू नका.

खांदा उतरला त्या क्षणी काय करावे?

मैदानात चार मित्र मिळून हात ओढतात, हे बंद झाले पाहिजे. आत हाड मोडलेले असू शकते. काखेतून जाणारी नस ताणली गेलेली असू शकते. दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागाला बधिरपणा असेल तर ती खूण आहे, ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत टॉवेल किंवा ओढणीच्या झोळीत धरावा. भूल देण्याची वेळ येऊ शकते म्हणून खायला-प्यायला देऊ नये. दवाखान्यात बसवण्याआधी आणि नंतर एक्स-रे काढतात. ते एक्स-रे जपून ठेवा. नंतर तेल लावून जोराची मालिश करू नका.

फिट आल्यावर किंवा विजेचा झटका बसल्यावर खांदा मागच्या बाजूलाही उतरतो, आणि साध्या एक्स-रेत तो कधी कधी सुटून जातो. मिरगीच्या रुग्णाने आधी फिटचा उपचार नीट केला पाहिजे. नाहीतर केलेली शस्त्रक्रियाही वाया जाते.

शस्त्रक्रिया कोणती आणि कोणाला?

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असे मुळीच नाही. काहींचे सगळेच सांधे जन्मतः सैल असतात. त्यांना आधी व्यायामच देतात. पहिल्यांदा उतरलेल्या पुष्कळांना काही आठवडे झोळी आणि नंतर स्नायू बळकट करण्याचा व्यायाम एवढ्याने भागते. पण तरुण वय, अंगमेहनतीचे काम आणि खांदा दोन-तीनदा उतरलेला, असे असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायलाच हवे. ते एम.आर.आय. काढून किनार पाहतात आणि हाड किती गेले हे पाहण्यासाठी सी.टी. स्कॅन करतात.

हाड शाबूत असेल तर बँकार्ट शस्त्रक्रिया. लहान छिद्रांतून दुर्बीण घालून वाटीच्या कडेत बारीक खिळ्यासारखे ‘अँकर’ बसवतात आणि त्यांच्या दोऱ्याने किनार परत शिवतात. हीच शस्त्रक्रिया उघडूनही करता येते. ती कमी दर्जाची समजू नये. वाटीचे हाड बरेच गेले असेल, साधारण पाचवा हिस्सा किंवा अधिक, तर नुसती शिवण टिकत नाही. तेव्हा खांद्याच्या पुढचे आकड्यासारखे हाड, त्याच्या स्नायूसह, वाटीच्या कडेला स्क्रूने बसवतात. फ्रान्समधील लियाँचे डॉक्टर लातार्जे यांनी १९५४ साली ही पद्धत सांगितली. यात जंतुसंसर्ग, नसेला इजा, खांदा आखडणे हे धोके असतात आणि काहींचा खांदा शस्त्रक्रियेनंतरही उतरतो. हे सारे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. विचारणे म्हणजे अपमान नव्हे.

आपल्या महाराष्ट्राचा क्रिकेटपटू श्रेयस अय्यर याचे उदाहरण घ्या. २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात चेंडू अडवताना तो पडला आणि त्याचा डावा खांदा अर्धवट निखळला. ८ एप्रिलला शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरमध्ये तो मैदानात परतला आणि नोव्हेंबरमध्ये कानपूरला पहिल्याच कसोटीत त्याने शतक ठोकले. यातून आपण काय घ्यायचे? दुखापत आणि शस्त्रक्रिया यांत अवघे सोळा दिवस गेले, पण मैदानात परतायला पाच महिने लागले. एवढ्या निष्णात खेळाडूलाही ते चुकले नाहीत. मग आपला हमाल भाऊ तिसऱ्या आठवड्यात पोते उचलायला गेला तर ती शिवण टिकेल कशी?

खरा खर्च सहा महिन्यांचा आहे

साधारण तीन ते सहा आठवडे हात झोळीत. बोटे, मनगट, कोपर मात्र डॉक्टर सांगतील तसे पहिल्यापासून हलवायचे. मग हळूहळू खांद्याची हालचाल, तीन महिन्यांच्या सुमारास ताकदीचा व्यायाम, आणि जड ओझे किंवा कबड्डी चार ते सहा महिन्यांनंतर, तीही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर.

आम्ही कारकून माणसे, म्हणून हिशेब मांडतो. समजा रोज ५०० रुपये मजुरी आणि महिन्याला २६ दिवस काम. महिन्याचे १३,००० आणि सहा महिन्यांचे ७८,००० रुपये. शस्त्रक्रिया मोफत झाली तरी हा आकडा राहतोच. पुष्कळांची शस्त्रक्रिया वाया जाते ती याच आकड्यामुळे. तेव्हा तारीख ठरवण्याआधी या आकड्याची तजवीज करा.

शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यात धुळे जिल्हा होता. आता सर्व रेशनकार्डधारकांना कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड, असल्यास आयुष्मान कार्ड आणि जुने एक्स-रे घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे जा. आपली शस्त्रक्रिया यादीत आहे का, अँकर-स्क्रूचे पैसे त्यात धरले आहेत का, हे आधी विचारून घ्या. मदतीचा क्रमांक १५५३८८. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी तिथल्या अस्थिरोग विभागात दाखवा.

पगाराचे काय? कारखान्यात ई.एस.आय. कापली जात असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत साधारण ७० टक्के वेतन मिळते. खांदा कामावर असताना उतरला असेल तर ती कामावरील दुखापत ठरते आणि लाभ अधिक असतो. पण त्यासाठी अपघाताची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. मुकादम ‘नंतर पाहू’ म्हणाला तरी ऐकू नका. माथाडी मंडळात नोंद असेल त्यांनी मंडळात चौकशी करावी. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना प्रा. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ साली दिला आणि १९४८ साली कायदा झाला. आजारी कामगाराचा पगार ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

घरच्यांना दोन शब्द

माता-भगिनींनो, घरात हात झोळीत घेऊन बसलेल्या माणसाला ‘आयतोबा’ म्हणू नका. आणि भावांनो, घरातल्या बाईचा खांदा वर हंडा ठेवताना सटकत असेल तर ‘तिला सवयच आहे’ म्हणून तो विषय सोडू नका. तिलाही तीच तपासणी आणि तेवढीच विश्रांती हवी. शेजाऱ्यांनी दळण, पाणी, रेशनची रांग आळीपाळीने उचलली तर सहा महिने निभतात. रुग्णाने तंबाखू-बिडी सोडावी, कारण तिने जखम उशिरा भरते. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवावी.

आमचे सांगणे एवढेच की, दुसऱ्यांदा खांदा उतरला की तारीख वहीत लिहा, एक्स-रे पिशवीत ठेवा आणि तिसऱ्या वेळेची वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.