खुणेवरून ओळख

बेळगावात केएलई संस्थेने उभारलेल्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले, तेव्हा त्या समारंभास जमलेल्यांपैकी थोड्यांनाच स्मरले असेल की याच राष्ट्रपतींनी नऊ महिन्यांपूर्वी, ४ एप्रिल २०२४ रोजी, पवईच्या आयआयटीत एक औषध राष्ट्रास अर्पण केले होते. आणि संपादकांनी मला या नव्या वास्तूवर लिहिण्यास सांगितले असता मी जो त्या औषधाच्या मागे लागलो, तो वास्तूकडे परत वळलोच नाही.

औषधाचे नाव नेक्सकार१९; बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगांवरचे ते. आयआयटीचे राहुल पुरवार व त्यांच्या विद्यार्थिनी अलका द्विवेदी यांनी ते प्रयोगशाळेत रचले, टाटा मेमोरियलचे हसमुख जैन व गौरव नरुला यांनी रुग्णांवर पारखले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या औषध नियंत्रण खात्याने त्याला मंजुरी दिली. अमेरिकेत अशा औषधाची नुसती किंमतच तीन कोटी रुपयांच्या पुढे जाते. येथे ती तीस-चाळीस लाखांच्या घरात आली. याच बेळगाव जिल्ह्यातील निपाणीच्या विडी कामगार स्त्रीपुढे या दोन्ही रकमा सारख्याच अगम्य आहेत, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

मला गुंतवून ठेवले ते मात्र यातील ओळख पटविण्याच्या तंत्राने. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी वेगळ्या काढावयाच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या द्वारे त्यांत एक नवे जनुक पोहोचवावयाचे, आणि त्या शतगुणित झाल्या म्हणजे पुन्हा त्याच रुग्णाच्या शिरेत सोडावयाच्या. त्या जनुकाच्या हुकुमाने पेशीच्या पृष्ठभागी एक ग्राहक उगवतो: त्याचे बाहेरचे टोक मूळचे उंदराच्या प्रतिपिंडाचे, मुंबईकरांनी मानवी धर्तीवर फेरघडण केलेले, खूण ओळखणारे; आतले टोक खूण सापडताच संहाराची आज्ञा देणारे. ही खूण म्हणजे सीडी१९ नावाचे प्रथिन. ऐकणाऱ्याचा सहजच असा समज होतो की ती केवळ रोगट पेशींच्या अंगावर असणार. वस्तुस्थिती तशी नाही. रक्तातील प्रत्येक निरोगी बी-पेशीही तीच खूण मिरविते; चोर एका विशिष्ट रंगाचा फेटा बांधतो म्हणून पाटलाने तो रंग हेरावा आणि पाहावे तो चोराच्या सगळ्या भाऊबंदांनी तोच फेटा बांधलेला, असा हा मामला आहे. नव्या टी-पेशी सरसकट सर्वांनाच संपवितात. तरीही रुग्ण तगतो, कारण बी-पेशींवाचून शरीराचा कारभार काही काळ चालू शकतो, उणीव पडलेली प्रतिपिंडे बाहेरून टोचता येतात, आणि मज्जेतील ज्या मूळपेशींपासून बी-पेशी जन्मतात त्यांच्यावर ही खूण नसल्यामुळे बीज शिल्लक राहते. निरोगी व रोगी यांत भेद करण्याचा प्रश्न सोडविण्यात नव्हे, तर तो न सोडविताही भागेल अशी जागा निवडण्यात या तंत्राची खरी बुद्धिमत्ता आहे, असे माझे मत झाले.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, परिणाम मोजता आलेल्या ५१ रुग्णांपैकी ३७ जणांत रोग हटला वा लक्षणीय घटला. काहींत मात्र रोग परततो. कधी ती खूणच टाकून देऊन परततो.

आता निपाणीकडे पाहावे. तंबाखूच्या या मुलखात मिश्री लावणारे हात आणि गालात चिमूट धरणारी तोंडे घरोघर आहेत, आणि तंबाखूपासून जडणारा रोग रक्ताचा नसून जिभेचा, गालाचा, हिरडीचा आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा १९४४ सालीच प्रसिद्ध केला होता, तेव्हा विषय नवा नाही. परंतु या रोगाच्या पेशींवर जी खूण विपुल आढळते, ती ईजीएफआर, त्वचेवर आणि आतड्याच्या अस्तरावरही असते. तिच्यावर बेतलेले सेटुक्सिमॅब हे औषध दिले की पुष्कळ रुग्णांच्या चेहऱ्यावर मुरमांसारखे पुरळ उठते, ते याच कारणाने. बी-पेशींवाचून जगता येते, त्वचेवाचून कोणी जगत नाही. अशा दुसऱ्या एका खुणेचा, एचईआर२चा, माग काढणाऱ्या टी-पेशी अमेरिकेत एका स्त्रीला दिल्या असता त्यांनी फुप्फुसातील निरोगी पेशींवर असलेला तिचा अल्पसा अंशही हेरला आणि पाच दिवसांत ती स्त्री दगावली. २०१० साली तिच्यावर उपचार करणाऱ्या चिकित्सकांनीच तो वृत्तांत प्रसिद्ध केला. तेव्हापासून शास्त्रज्ञ दोन खुणा एकत्र आढळल्याखेरीज हल्ला न करणाऱ्या पेशी घडवू पाहत आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेंडेल लिम यांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये तशी रचना उंदरांत सिद्ध केली. उंदरापासून निपाणीच्या तोंडापर्यंतचे अंतर मोठे आहे.

तोपर्यंत मुखकर्करोगाची एक ओळख कोणत्याही रेणूवाचून पटते. गालाच्या आत आधी पुष्कळदा पांढरा वा लाल चट्टा येतो, आणि तो डोळ्यांना दिसतो. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन तोंडे तपासली, तेव्हा तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांतील या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या तपासणीस लागले होते ते थोडे शिक्षण आणि पुरेसा उजेड. निपाणीच्या विडी कारखान्यांत या दोहोंची तरतूद करण्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागेल, असे दिसत नाही.